११२ ला फोन लागला, आता "आम्ही कुठं आहोत" हे नेमकं कसं सांगायचं?

तालीम_करवीर यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. पावसाळा तोंडावर आलाय. आमच्या तालमीतर्फे यंदा गावात घरटी एक छापील कागद द्यायचं ठरलंय. गाव नदीकाठचं, प्रयाग चिखली–आंबेवाडीच्या पट्ट्यातलं. पूर, अपघात, आग, कुणाच्या छातीत कळ आली, तर फोन कुठं करायचा हे आता बऱ्याच जणांना पाठ आहे. अडतं ते त्याच्या पुढं. फोन लागतो आणि तोंडातून निघतं, "अहो, मारुतीच्या देवळामागं या लवकर." पलीकडचा माणूस विचारतो, कुठला मारुती? तिथून दोन मिनिटं नुसती ओढाताण.

म्हणून जाणकारांना विचारतोय. काय सांगायचं आणि कुठल्या क्रमानं? मळ्यातल्या वस्तीला पत्ताच नसतो, तिथं काय करावं? व्हॉट्सॲपवर लोकेशन टाकलं की काम झालं असं पोरं म्हणतात, ते कितपत खरं? आमची काही पोरं जुलैत पन्हाळा–पावनखिंड मोहिमेला जातात, कामाला जाणारे रोज हायवेवर असतात, त्यांच्यासाठीही दोन ओळी हव्यात. वाक्यं अशी द्या की घाबरलेल्या माणसालाही कागदावरून वाचता येतील.

---

कक्ष_आणि_कॉल यांचं उत्तर:

कागदावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात छापा: आधी "कुठं", मग "काय झालं". रेंज कधीही जाते, बॅटरी संपते, हातातून फोन पडतो. ठिकाण कळलेलं असेल तर कॉल तुटला तरी गाडी निघते. नुसतं काय झालंय ते कळलं आणि ठिकाण राहिलं, तर कितीही मोठं संकट असलं तरी कुणालाच निघता येत नाही. लोक बरोबर उलटं करतात. काय झालं हे रडत रडत मिनिटभर सांगतात आणि ठिकाण शेवटाला ठेवतात.

पलीकडं कोण बसलंय हेही लोकांना माहीत हवं. ११२ चे कॉल नवी मुंबई आणि नागपूरच्या केंद्रांत घेतले जातात, तिथून माहिती आपल्या जिल्ह्याच्या पोलिसांकडं आणि गाडीतल्या टॅबवर येते. १०८ ॲम्ब्युलन्सचं कॉल सेंटर पुण्यात आहे. म्हणजे फोन उचलणाऱ्याला दाभोळकर कॉर्नर, व्हीनस कॉर्नर, तावडे हॉटेल ही नावं ओळखीची असतीलच असं नाही. त्याच्यापुढं यादी असते ती जिल्हा, तालुका, गाव अशी. त्याच क्रमानं सांगितलं तर त्याचा हात चालतो. १०७७ हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष आणि १०१ अग्निशमन दल, इथली माणसं मात्र स्थानिक असतात, त्यांना खाणाखुणा चालतात. तरी क्रम तोच ठेवा. सगळ्यांसाठी एकच सवय बरी.

गावाचं नाव पूर्ण सांगायचं. आपल्याकडं हा घोळ फार आहे. "बावडा" म्हटलं तर कसबा बावडा की गगनबावडा? दोन्हींत पन्नासएक किलोमीटरचं अंतर. "शिरोली" म्हणजे हातकणंगले तालुक्यातली पुलाची शिरोली की करवीरमधली शिरोली दुमाला? निगवे दुमाला आणि निगवे खालसा तर दोन्ही करवीरमध्येच, पण दोन दिशांना. शाहूवाडीच्या बाजूचा माणूस "मलकापूर" म्हणतो, ते बुलढाण्यातही आहे आणि कराडजवळही. तुमच्या आंबेवाडीचंही तेच, पावनखिंडीच्या वाटेवर दुसरी आंबेवाडी आहे. रोजच्या बोलण्यात "वाडी" म्हटलं की आपल्याला नरसोबाची वाडी कळते, ऑपरेटरला "नृसिंहवाडी, शिरोळ तालुका" असंच सांगावं लागतं.

शहरात राहणाऱ्यांसाठी वेगळी काळजी. मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, शनिवार पेठ या पुण्यातही आहेत आणि १०८ चा फोन उचलला जातो पुण्यात. म्हणून पेठेच्या आधी "कोल्हापूर शहर" म्हणायलाच हवं. "तिसरी गल्ली" राजारामपुरीतही आहे आणि शाहूपुरीतही. नुसता गल्लीचा आकडा कधीच देऊ नका.

एक नमुना देतो, आवाजात म्हणून बघा:

"कोल्हापूर जिल्हा, करवीर तालुका, गाव आंबेवाडी, प्रयाग चिखलीजवळची. गावात प्राथमिक शाळेच्या मागची गल्ली, कोल्हापूरकडून येताना डाव्या हाताला. दुमजली स्लॅबचं घर, निळं लोखंडी गेट. वडील, वय ७०, छातीत दुखतंय, शुद्धीवर आहेत. माझा नंबर लिहून घ्या."

सावकाश म्हटलं तरी अर्ध्या मिनिटात होतं. मग ऑपरेटरला सांगा, "ठिकाण परत म्हणून दाखवा." तो "आंबेवाडी, पन्हाळा" म्हणाला तर तिथल्या तिथं चूक कळते. तो फोन ठेवा म्हणेपर्यंत ठेवू नका. त्यानंतर गाडीवाल्याचा फोन अनोळखी नंबरवरून येतो. तो उचलायचा आहे, म्हणून ज्याच्या मोबाईलवरून कॉल केला त्यानं दुसऱ्या कुणाशी बोलत बसू नये. पै-पाहुण्यांना कळवायचं काम दुसऱ्याच्या फोनवरून.

डावं-उजवं कायम येणाऱ्याच्या बाजूनं सांगायचं, आपल्या दारातून नव्हे. "कोल्हापूरकडून येताना डाव्या हाताला" असं पूर्ण म्हणा. "जवळच", "हाकेच्या अंतरावर", "पाच मिनिटांवर" यांतून परक्या ड्रायव्हरला काही कळत नाही. मीटर किंवा किलोमीटर सांगा, अंदाजानं का होईना.

खूण निवडताना रात्री दिसेल आणि हलणार नाही अशी निवडा. पाण्याची टाकी, शाळा, ग्रामपंचायत, मोबाईल टॉवर या चांगल्या खुणा. चहाची गाडी, फ्लेक्स, उभा असलेला ट्रक या वाईट. दूध संस्था एका गावात तीन-तीन असतात, सांगायची तर नावासकट. गणपतीत मंडपानं रस्ता अडलेला असेल किंवा पेठेतल्या गल्लीत मोठी गाडी शिरत नसेल, तर तेही पहिल्याच फोनवर सांगा, म्हणजे बंब दुसऱ्या तोंडानं आत येतो.

---

पूरपट्टा_शिरोळ यांचं उत्तर:

वरचं सगळं बरोबर, पण पुरात एक मोठा फरक पडतो. रस्ता, गेट, पाटी, कंपाउंड, सगळं पाण्याखाली असतं आणि बोट गल्लीनं येईलच असं नाही. तेव्हा वरून काय दिसतं ते सांगायचं. छत स्लॅबचं की पत्र्याचं की कौलारू, टाकीचा रंग काय, शेजारी देवळाचा कळस आहे का, टॉवर किती अंतरावर आणि कुठल्या बाजूला. छतावर गडद लाल किंवा पिवळी चादर बांधली असेल तर ते फोनवर सांगा. पांढरं कापड पावसात आणि पत्र्यावर उठून दिसत नाही.

पाणी किती आहे हे घराच्या मापानं सांगा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्यानं ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की ४३ फुटांची धोका पातळी, हे कंट्रोल रूमला तुमच्या आधी कळलेलं असतं. तुमच्या दारात किती पाणी आहे, ते तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नसतं. "तळमजल्याच्या खिडकीच्या वरपर्यंत, तासाभरात एक पायरी चढलं" असं सांगितलं की कुणाकडं आधी जायचं ते त्यांना ठरवता येतं. भिंतीवर खडूनं रेघ मारून वेळ लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या फोनला अंदाज करत बसावं लागत नाही.

बोटवाल्याला धोका कशाचा आहे ते आवर्जून सांगायचं. एनडीआरएफच्या रबरी बोटी असतात, पाठीमागं मोटर. बुडालेलं तारेचं कुंपण, कंपाउंडवरच्या काचा, उघड्या सळ्या यांनी बोट फाटते. पाण्याखालचा उभा ऊस आणि ठिबकच्या नळ्या पंख्यात गुंततात. पाणी चढलं की विजेच्या तारा बोटीतल्या माणसाच्या डोक्याशी येतात. "घराच्या पूर्वेला तारेचं कुंपण आहे, पश्चिमेकडून शाळेच्या मैदानावरून या, तिथं मोकळं आहे" हे एक वाक्य फार उपयोगी पडतं.

माणसं किती हे आकड्यात: एकूण किती, अंथरुणाला खिळलेले किती, गरोदर बाई आहे का, लहान मुलं किती. "आम्ही सगळे" म्हटलं तर किती बोटी पाठवायच्या ते ठरत नाही. जनावरं असतील तर तीही सांगा, पण वेगळी. जनावरांशिवाय निघणार नाही असा हट्ट असेल तर तोही आधीच सांगावा. बोट दारात आल्यावर वाद घालण्यात पुढच्या घराचा वेळ जातो.

कुठली वाट उघडी आहे हेही ठिकाणाचाच भाग समजा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद होता. मदत कोल्हापूरकडून पोचणार की सांगलीकडून, हे वाटेवर ठरतं. तुमच्या बाजूला शिवाजी पुलाकडून वाहन कुठपर्यंत येतं ते गावातल्या एखाद्यानं पाहून सांगितलं, तर बोट नेमकी कुठं उतरवायची ते कळतं.

नदीच्या बाबतीत "अलीकडं-पलीकडं" म्हणू नका. डावा तीर, उजवा तीरही नको, प्रवाहाकडं तोंड की पाठ यात गोंधळ होतो. त्या काठावरच्या गावाचं नाव घ्या. बंधाऱ्यावर कुणी अडकलं तर बंधाऱ्याचं नाव आणि काठ, दोन्ही: "तेरवाड बंधारा" नुसतं नको, पुढं कुठल्या गावाच्या बाजूला ते हवं. पंचगंगेवर रुई, इचलकरंजी, तेरवाड असे ओळीनं बंधारे आहेत आणि बंधारा पाण्याखाली असेल तर एका काठावरून दुसऱ्या काठाला जायला मोठा वळसा पडतो.

शिरोळ, कागल, चंदगडकडच्या सीमेवरच्या लोकांसाठी एक सूचना. मोबाईल कर्नाटकातल्या टॉवरला लागला तर ११२ चा कॉल तिकडच्या कक्षात जाऊ शकतो. पहिलं वाक्य "महाराष्ट्र, कोल्हापूर जिल्हा" असं म्हणा, म्हणजे ते कॉल वळवू शकतात. आणि नातेवाईक पुण्या-मुंबईहून १०७७ लावतात तो त्यांच्याच जिल्ह्यात लागतो. बाहेरून लावताना आधी ०२३१ लावायला सांगा.

---

तालीम_करवीर:

दोघांचेही मनापासून आभार. कुंपणाचं आणि खडूच्या रेघेचं आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आता मळ्यातल्या वस्तीचं आणि व्हॉट्सॲप लोकेशनचं कुणी सांगेल का? "पाटील मळा" म्हटलं तर आमच्या एका गावातच तीन आहेत.

---

अक्षांश_रेखांश यांचं उत्तर:

मळ्यासाठी तीन गोष्टी एकत्र द्या: कुठल्या गावाचं शिवार, कुठल्या रस्त्यावरून आत वळायचं, आणि वळणापासून किती मीटर. "आंबेवाडीचं शिवार, डांबरी रस्त्यावर पाण्याच्या टाकीपासून चिखलीकडं ४०० मीटरवर उजवीकडं पाणंद, पाणंदीनं आत ६०० मीटर, एकटं पत्र्याचं घर." पाणंदीवर ॲम्ब्युलन्स येते की नुसता ट्रॅक्टर, तेही जोडा. गट नंबर माहीत असेल तर सांगा. पुण्यातल्या ऑपरेटरला त्याचा उपयोग नाही, पण गावच्या पोलीस पाटलांना आणि तलाठ्यांना गट नंबरावरून जागा लगेच कळते. एक माणूस बॅटरी घेऊन पाणंदीच्या तोंडाशी उभा करा आणि "वळणावर माणूस उभा आहे" हे फोनवर सांगा. वस्तीला याच्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही.

आता मोबाईलचं. ११२ ला फोन केला की आपलं ठिकाण आपोआप अचूक कळतं असं धरून चालू नका. टॉवरवरून निघणारा अंदाज शहरात काही शे मीटरचा असतो, खेड्यात टॉवर लांब लांब असल्यानं काही किलोमीटरचाही होतो. व्हॉट्सॲप लोकेशन चांगलं आहे, पण ते पाठवायचं कुणाला? ऑपरेटरचा नंबर तुमच्याकडं नसतो. गाडीवाल्याचा फोन आला की त्याच्या नंबरवर पाठवा, तिथं ते कामाला येतं. पाठवताना खाली जवळच्या जागांची यादी येते, त्यातल्या एखाद्या दुकानावर बोट पडलं तर त्या दुकानाचं ठिकाण जातं, तुमचं नाही. "सध्याचं ठिकाण" हेच दाबायचं. तिथं अचूकता मीटरमध्ये लिहिलेली असते. आकडा मोठा दिसला तर छताखालून बाहेर येऊन अर्धा-एक मिनिट थांबा, तो उतरतो. नकाशात निळ्या ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ दिसतं तेही हेच सांगतं, वर्तुळ मोठं म्हणजे खात्री कमी. आणि जीपीएसला इंटरनेट लागत नाही. नेट बंद असलं तरी ठिपका बरोबर असू शकतो, मागचा नकाशा तेवढा कोरा दिसतो.

तोंडी सांगायला सगळ्यात भक्कम म्हणजे अक्षांश-रेखांश. नकाशात निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की दोन आकडे येतात. कोल्हापूर शहराच्या मध्यभागाचे १६.७०५०, ७४.२४३३ असे आहेत. बोलताना दशांशाच्या पुढं चार अंक पुरे, त्यात साधारण ११ मीटरपर्यंत ठिकाण कळतं. तीनच दिले तर शंभरएक मीटरची चूक धरा.

अंक एकेक करून म्हणायचे. "सदुसष्ट, सत्याहत्तर, सत्याऐंशी" हे खरखरीत लाइनवर एकमेकांत मिसळतात आणि ऑपरेटर दुसऱ्या भागातला असेल तर आणखी. "एक सहा, दशांश, सात शून्य पाच शून्य" असं म्हणा. थांबा. "दुसरा आकडा: सात चार, दशांश, दोन चार तीन तीन." मग परत वाचून घ्या. पडताळा सोपा आहे. आपल्या जिल्ह्यात पहिला आकडा १५, १६ किंवा १७ नं सुरू होतो आणि दुसरा ७३ किंवा ७४ नं. वेगळं काही ऐकू आलं तर उलटसुलट झालंय.

खरा घात होतो तो अंश-मिनिट-सेकंदात. आयफोनच्या कंपास ॲपमध्ये आकडे त्या रूपात येतात: १६ अंश ४२ मिनिटं. तेच कुणी "सोळा पॉइंट बेचाळीस" म्हणून सांगितलं तर ठिकाण सुमारे ३१ किलोमीटर दक्षिणेला सरकतं, शहर सोडून मुरगूडच्या बाजूला. कारण ४२ मिनिटं म्हणजे ०.७० अंश, ०.४२ नव्हे. म्हणून स्क्रीनवर "अंश" आणि "मिनिटं" दिसत असतील तर ते शब्द उच्चारूनच सांगा.

गूगल नकाशातला प्लस कोड हा दुसरा मार्ग. चार अक्षरं, अधिकचं चिन्ह, पुढं दोन-तीन अक्षरं आणि मग गावाचं नाव. गावाचं नाव गाळलं तर कोड निरर्थक होतो, कारण तीच अक्षरं दुसऱ्या भागात पुन्हा येतात. पूर्ण कोडात गावाची गरज नसते, त्यात पुढं आणखी चार अक्षरं असतात. शहरात ती "सेव्हन जे एट पी" अशी सुरू होतात, गगनबावड्याच्या बाजूला "सेव्हन जे एट एम". दोन अक्षरी शेपटीचा कोड साधारण १४ मीटरच्या चौकोनाएवढी जागा दाखवतो. फोनवर जी आणि जे, पी आणि व्ही गल्लत करतात, म्हणून "पी पुण्याचा, व्ही वसईचा, जे जळगावचा, जी गोव्याचा" असं जोडून म्हणा. माझं मत विचाराल तर तोंडी सांगायला आकडेच बरे. अक्षरांपेक्षा अंक घाबरलेल्या माणसाला सोपे जातात.

---

घाटरस्ता यांचं उत्तर:

हायवेचं मी सांगतो. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर असाल तर चार गोष्टी: महामार्गाचा क्रमांक, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, कुठल्या दिशेची लेन, आणि मुख्य रस्ता की सर्व्हिस रोड. दिशा "कागलकडं जाणारी लेन" किंवा "पुण्याकडं जाणारी लेन" अशी सांगायची. मध्ये दुभाजक आहे. चुकीच्या बाजूला गाडी आली तर तिला पुढच्या फटीपर्यंत जाऊन वळून यावं लागतं आणि अपघातामुळं वाहतूक तुंबली असेल तर तो वळसा फार महागात पडतो. उचगाव, तावडे हॉटेल अशा ठिकाणी पुलावर आहात की पुलाखाली, तेही सांगा. नकाशावर दोन्ही एकाच ठिपक्यात दिसतात. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही हेल्पलाइनही चालते, तिला दगडाचा आकडाच हवा असतो.

दगड दिसत नसेल तर मोरी बघा. लहान पुलाच्या कठड्यावर ३४/२ असं रंगवलेलं असतं. म्हणजे त्या किलोमीटरातली दुसरी मोरी. "चौतीस भागिले दोन" असं वाचलं तरी चालेल, फक्त रस्त्याचं नाव जोडा. दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, हेही सांगता येतं.

घाटात घाटाचं नाव चुकवू नका. गगनबावड्यातून खाली दोन घाट उतरतात, करूळ आणि भुईबावडा. "गगनबावडा घाट" म्हटलं तर गाडी कुठल्याही एकात जाऊ शकते. घाटाच्या माथ्यापासून किती किलोमीटर खाली, उतरताना दरी कुठल्या हाताला, एवढं सांगा. खालचा भाग सिंधुदुर्ग जिल्ह्यात येतो, आंबा घाटात रत्नागिरी. दोन्ही टोकांची नावं घेतली की दोन्हीकडून गाडी काढता येते: "गगनबावडा ते वैभववाडी, करूळ घाट, माथ्यापासून अंदाजे चार किलोमीटर खाली."

गाडी दरीत गेली असेल तर कठडा तुटला तिथं रस्त्याच्या कडेला कापड बांधून ठेवा. धुक्यात ती जागा पुन्हा सापडत नाही, अगदी बघणारालासुद्धा. रेंज नसली तर वर किंवा खाली जाणाऱ्या माणसाकडं कागदावर लिहून द्या, तोंडी निरोप पोचेपर्यंत बदलतो. आणि निघण्याआधी दगडाचा किंवा मोरीचा फोटो काढा.

"फक्त इमर्जन्सी कॉल" अशी अक्षरं स्क्रीनवर असतील तर ११२ लावून बघाच. स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो. मित्राचा नंबर तसा लागत नाही, १०८ चाही भरवसा धरू नका.

---

मसाई_पठार यांचं उत्तर:

मोहिमेच्या पोरांसाठी. पन्हाळा–पावनखिंड वाट दोन तालुक्यांतून जाते. मसाई पठार पन्हाळ्यात, पावनखिंड आणि विशाळगड शाहूवाडीत. त्यामुळं तालुका विचारला की अडखळायला होतं. शेवटचं गाव कुठलं सोडलं ते सांगा आणि किती वाजता सोडलं ते सांगा. "खोतवाडी सकाळी ११ ला सोडली, पुढच्या गावाकडं चालत होतो, दीड तास चाललो, उतारावर आहोत, उजवीकडं ओढा वाजतोय, धुकं आहे." वेळ आणि दिशा मिळाली की गावातली माणसं अचूक अंदाज बांधतात. ती वाट त्यांच्या पायाखालची असते, पोलिसांच्या आधी तीच पोचतात. म्हणून वाटेतल्या प्रत्येक गावात एकाचा तरी मोबाईल नंबर टिपून घेत पुढं जा.

मसाई पठार सपाट आणि मोठं. धुक्यात तिथं "पठारावर आहोत" हे ठिकाण होऊच शकत नाही. तिथं अक्षांश-रेखांशच हवेत. कॉल लागत नसेल आणि रेंजची एखादी काडी येत-जात असेल, तर ते आकडे साध्या एसएमएसनं घरच्या दोघांना पाठवा आणि त्यांना ११२ लावायला सांगा. एसएमएसला क्षणभराची रेंज पुरते.

वर अंकांबद्दल जे सांगितलंय त्यात एक भर. दाट झाडीत आणि घळीत पहिला आकडा फसवा असतो. दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा वाचा. शेवटचा अंक इकडं-तिकडं झाला तर ठीक, तिसराच बदलला तर मोकळ्यावर जाऊन परत घ्या.

ठिकाण सांगितल्यावर तिथून हलायचं नाही. पाणी चढतंय, दरड येतेय अशा कारणानं हलावंच लागलं तर निघण्याआधी नवं ठिकाण कळवा. शिट्टी मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट गप्प, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचं येतं. रात्री बॅटरीची उघडझापही तशीच. फोनवर "शिट्टी वाजवतोय" हे सांगितलं असेल तर शोधणारे मध्ये मध्ये थांबून कान देतात.

---

तालीम_करवीर:

कागदाचा मजकूर असा केलाय, बघून सांगा:

"आधी ठिकाण सांगा. महाराष्ट्र, कोल्हापूर जिल्हा, करवीर तालुका, गाव ______. खूण ______. कोल्हापूरकडून येताना ______ हाताला. घर ______ मजली, छत ______. अक्षांश ______ रेखांश ______. मग काय झालं, किती माणसं, आजारी किती. माझा मोबाईल ______. ठिकाण परत वाचून घ्या. फोन त्यांनी ठेवायला सांगेपर्यंत ठेवू नका. ११२ सर्व, १०८ ॲम्ब्युलन्स, १०१ आग, १०७७ पूर."

---

कक्ष_आणि_कॉल:

छान झालाय. चार दुरुस्त्या. रिकाम्या जागा लोकांवर सोडू नका, तालमीच्या पोरांनी घरोघरी जाऊन भराव्यात. अक्षांश-रेखांश अंगणात उभं राहून घ्या, घरात नको. दोन वेगवेगळ्या फोनवर घेतलेले आकडे जुळले तरच लिहा, आणि दशांश टिंब ठळक काढा. मोबाईल नंबर एकाचा नको, घरातल्या दोघांचा लिहा.

"पूर" असेल तेव्हा भरायची ओळ वेगळी करा: पाणी कुठपर्यंत, बोट कुठल्या बाजूनं यावी, कुंपण आणि तारा कुठं. यातली बोटीची बाजू आणि कुंपण आजच भरता येतं, पाणी येण्याची वाट बघायची गरज नाही.

कागद तळमजल्यावर चिकटवला तर पुरात तोच आधी बुडतो. दुमजली घरात वरच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी लावा, बैठ्या घरात दाराच्या आतून डोक्याच्या उंचीवर. शाईचा पेन नको, बॉलपेननं लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घाला. भरलेल्या कागदाचा फोटो बाहेरगावच्या मुला-मुलींच्या मोबाईलवर पाठवा आणि त्यांच्या प्रतीवर १०७७ च्या आधी ०२३१ लिहून द्या. गावातल्या सगळ्या घरांची मिळून एक वही पोलीस पाटलांकडं ठेवा, त्यात अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरांपुढं लाल खूण करा.